हिवराच्या घंटा

६ जानेवारी २०२५

आले एकदाची. टेम्पो शहराच्या छावणी भागातल्या घरासमोर थांबला तेव्हा श्रेया माझ्या खांद्यावर झोपली होती आणि घरमालकीण भागूबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. तो पोरीवरून ओवाळून टाकला, मगच आम्हाला आत घेतलं. असलं काही मी मानत नाही. पण नाशिकपासून उपाशी आले होते, त्यामुळं त्यांच्या पिठलं-भाकरीवर मात्र आडवा हात मारला. खोल्या हवेशीर आहेत, मागं लिंब आहे, गच्ची आमचीच. नवऱ्याची, गोकुळची, नोकरी भरूचला. तो दोन महिन्यांतून एकदा येणार. तोवर आम्ही दोघी, आणि श्रेयाला सांभाळायला भागूबाई.

काम मनासारखं मिळालंय. जिल्हाभर आवाज टिपणाऱ्या चाळीस पेट्या बसवायच्या आणि त्या तीस वर्षं चालवायच्या. पाखरं, किडे, बेडूक, वारा, सगळं रोज ऐकायचं. कुठला आवाज कमी झाला, कुठला नव्यानं आला, यावरून माळाचं, रानाचं काय होतंय ते कळतं. तीस वर्षांनी मी म्हातारी झालेली असेन आणि श्रेया आपल्या पोरांना सांगेल की ही पेटी माझ्या आईनं लावली.

सांगेल म्हणजे, बोलायला लागली तर. अडीच वर्षांची झाली, अजून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात थांबा. सासूबाई म्हणतात, आई पाखरांचं ऐकत हिंडते, पोरीशी बोलायचं कुणी. मी थांबतेय. पण माझ्या पायाला भिंगरी. थांबणं मला कधी जमलेलं नाही.

११ जानेवारी

पहिली पेटी आज लागली. अजिंठ्याच्या अलीकडचा उघडा माळ, मधोमध एकच जुनं हिवराचं झाड. पेटीला उन्हावर चालणारी बॅटरी, आत सिमकार्ड आणि शेजारी एक कॅमेरा. ती जे ऐकेल ते त्याच घडीला माझ्या लॅपटॉपवर. माझा मदतनीस आणि ड्रायव्हर अजिनाथ मोठा बोलका आहे. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. गावाकडची सगळी लफडी मला फुलंब्री यायच्या आत पाठ झाली.

घोळ एकच झाला. हिवराच्या फांद्यांना जुन्या घंटा टांगलेल्या. मेंढरांच्या गळ्यातल्या असतात तशा. वारा आला की सगळ्या मिळून असा कल्ला करतात की चंडोल काय म्हणतो ते देवालाही ऐकू येणार नाही. तिथंच दगडाबाई नावाच्या मेंढपाळ बाईंच्या मेंढरांचा तळ आहे. त्यांनी सांगितलं की कळपापुढं चालणारा बोकड मेला की त्याची घंटा या हिवराला बांधायची. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "सासू बांधायची, म्हून म्या बांधते. का ते मला ठाऊक नाय, ताई."

मी गोड बोलून त्यांना घंटा उतरवायला राजी केलं. चार दिवसांनी परत बांधीन असंही सांगितलं, आणि ते खरं नव्हतं. दगडाबाईंनी स्वतःच्या हातानं घंटा सोडून पोत्यात घातल्या. शेवटची सोडताना थांबल्या, मग दिली. पोतं मी ऑफिसात नेऊन ठेवलं. आवाज आता कसा स्वच्छ येतोय! घरी येऊन तासभर ऐकत बसले.

२ फेब्रुवारी

दिवस कसे जातात कळत नाही. अजिंठ्यानंतर गंगापूरचा ऊस, तिथून उलटं कन्नडच्या घाटात, मग पैठणचं पाणी, मग वेरूळमागची टेकडी. जिथली परवानगी आधी मिळाली तिथं आधी गेलो, त्यामुळं नकाशावर माझा रस्ता म्हणजे नुसता सुतळीचा गुंता. शेवटची पेटी शहरातली हवी होती, ती आज आमच्याच गच्चीवर लावली.

आणि आजची खरी बातमी. पोत्यातली लहानशी घंटा मी श्रेयाला खेळायला दिली होती. ती दिवसभर ती वाजवत घर डोक्यावर घेते. आज दुपारी तिनं घंटा खाली ठेवली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "टण." मी तिथंच फरशीवर बसले आणि रडले. भागूबाईंनी तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. संध्याकाळपर्यंत "टण" चा "आई" झाला होता.

१४ फेब्रुवारी

अजिंठ्याच्या पेटीतून काही येत नाही. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं, पाखरांच्या रेघा, किड्यांची सळसळ. आज पहाटेपासून तिथं सपाट काळं. आमच्या प्रमुख सत्यशीला मॅडम पुण्याहून म्हणाल्या की माइक गेला असेल, बदल. पण माइक गेला तर खरखर येते. इथं खरखरही नाही.

आज पेटीजवळच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. गवत वाऱ्यानं हलत होतं.

१६ फेब्रुवारी

जाऊन आलो. माइक बदलायला गेलो होतो, मी आणि अजिनाथ.

माळावर पाय ठेवला आणि आमच्या चपलांचा आवाज गेला. मेंढरं तोंड उघडत होती, मान ताणत होती, आणि काही नाही. कुत्रा आमच्यावर भुंकला, त्याचे दात दिसले, आवाज नाही. मी टाळी वाजवली. हाताला झिणझिण्या आल्या, कानाला काही नाही.

दगडाबाई दगडावर बसल्या होत्या. त्या माझ्याशी बोलू लागल्या. बराच वेळ बोलल्या. ओठ हलत होते. मग त्यांनी हिवराकडं हात केला, माझ्याकडं केला, आणि पदरानं तोंड झाकलं.

आम्ही त्यांना गाडीत घालून सिल्लोडला नेलं. माळ सुटल्यावर माझा आणि अजिनाथचा आवाज परत आला, दगडाबाईंचा नाही. डॉक्टर म्हणाले की घशात काही बिघाड नाही, धक्का बसलेला दिसतोय. अजिनाथनं परत येताना फुलंब्रीपर्यंत हॉर्न वाजवत गाडी आणली. मला भीती वाटतेय.

२० फेब्रुवारी

गंगापूर बंद पडलं. मग कन्नड. मग पैठण.

अजिंठ्यापासून गंगापूर कुठं, कन्नड कुठं. एखादी साथ, एखादं औषध फवारलेलं, असलं काही असतं तर ते शेजारच्या गावात गेलं असतं. हे माझ्या सुतळीच्या गुंत्यावरून चाललंय. पेट्या ज्या क्रमानं सुरू केल्या त्याच क्रमानं. ते पायानं येत नाही. जिथून आपण कान लावून ऐकतो, तिथून येतं. एका पेटीतून पुढच्या पेटीत.

त्याला वाट मी करून दिली. आणि घंटा होत्या तोवर ते त्या हिवराखालीच होतं.

शेवटची पेटी माझ्या गच्चीवर आहे.

२२ फेब्रुवारी

मॅडमना विचारलं नाही. मी आणि अजिनाथ पुढच्या पेट्यांची सिमकार्डं काढत सुटलो. उपयोग नाही. बंद केलेली पेटी ते ओलांडतं आणि पुढची चालू पेटी धरतं. आम्ही त्याचा रस्ता फक्त जवळ केला.

गच्चीवरची पेटी काढली, दगडानं फोडली. भागूबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "लई काम झालंय तुला, पोरी. जरा पड." श्रेया मागून "टण, टण" करत आली.

पेटी फोडली. पण फोन आहे. फोनही ऐकतोच की. घरातले सगळे फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवले.

२४ फेब्रुवारी

पोतं घेऊन माळावर गेले. अजिनाथ आला नाही. त्याच्या बायकोनं दारातूनच सांगितलं की त्यांना बोलायला होत नाही. मी गाडी स्वतः नेली.

सगळ्या घंटा हिवराला परत बांधल्या. वारा होता. घंटा हलल्या, एकमेकींवर आपटल्या. एकही वाजली नाही. माळ लागायच्या आधीच एक हलवून पाहिली होती, तीही मुकी. पोत्यात, ऑफिसात, माझ्या लॅपटॉपशेजारी होत्या त्या— तिथंच मुक्या झाल्या असणार.

एकच वाजते. ती श्रेयाच्या हातात आहे.

२५ फेब्रुवारी

सकाळी तिच्या हातातून घंटा काढून घेतली. हिवराला ही एक बांधली तर कदाचित थांबेल. दगडाबाईंचा आवाज, त्या सगळ्या पाखरांचा—

श्रेया रडली. मोठ्यानं, भोकाड पसरून, "आई, टण दे" म्हणत. शब्द जोडून पहिल्यांदाच. तो आवाज ऐकून माझा हात पुढं होईना. ही घंटा गेली आणि त्यानंतर ती मुकी झाली तर?

परत दिली तिला. स्वार्थी म्हणा. पोरीची आई आहे मी.

घंटेऐवजी मीच जाते. हिवराखाली बसते, हाका मारते, गाते. त्याला आवाज हवा तर माझा घेऊ दे. परात आणि पळी घेतली आहे बडवायला. भागूबाईंना बजावलंय, घंटा पोरीच्या हातून सुटू देऊ नका. त्यांचा फोन त्यांनी डब्यातून परत नेलाय, म्हणून हेही सांगितलं, मला फोन करू नका. काही झालं तरी फोन करू नका. माझा फोन वाटेत अडलं तर हवा, म्हणून घेतलाय.

२६ फेब्रुवारी

हिवराखाली. परात वाजत नाही. घसा फाटेस्तोवर ओरडले, मला काही ऐकू आलं नाही. ओरडले की नाही तेही—

वरच्या घंटा हलतात.

बरं वाटतंय एका अर्थी. इथं बसलंय ते माझ्यापाशी. इथंच राहू दे.

दुपार

फोन थरथरतोय. भागूबाई. व्हिडिओ कॉल.

घ्यायचा नाही. मीच ठरवलंय.

पुन्हा.

पुन्हा. पोरीला काही झालं असेल तर?

घेतला. मांडीवर ठेवलाय, लिहितेय, दुसरं काय करू. आवाज नाही, चित्र आहे. श्रेया हसते आहे. काहीतरी बोलतेय मला, लांबलचक, ओठ भराभर हलतायत. अख्खं वाक्य. ते ऐकवायलाच फोन केलाय बाईंनी. हातात घंटा, जोरजोरात हलवतेय. भागूबाई हसत कानात बोटं घालतायत. म्हणजे तिकडं वाजतंय. माझी पोर बोलतेय आणि घंटा वाजतेय, आवाज फक्त माझा गेलाय, चालेल, मला चालेल—

भागूबाईंनी कानातली बोटं काढली.

हसू थांबलं त्यांचं. श्रेयाकडं बघतायत. श्रेया अजून बोलतेय. घंटा हलवतेय.

बंद कर फोन. बंद होत नाही— बाई, फोन ठेवा, फोन—

त्यांनी घंटा घेतली. कानाशी नेली. हलवली. परत हलवली. परत