चार नंबरच्या प्रेसची जाळी

४ मार्च

चार नंबरच्या प्रेसमध्ये खालाचा हात गेला. उजवा! आमच्या लाँड्रीत पंधरा वर्षं चादरी दाबल्या तिनं. सगळेच तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतात.

जाळी असती तर हात वाचला असता. जाळी मी काढली होती. साहेब म्हणाले, "काम तुंबलंय, काढ ती." मी फिटर. काढली.

५ मार्च

डबा तसाच भरलेला परत आणला.

७ मार्च

मामूंकडे गेलो. कॉलेजात उभा जन्म नीतिशास्त्र शिकवलं त्यांनी. कुणाचं नाव न घेता विचारलं – जुल्म म्हणजे नक्की काय?

"जुने विद्वान म्हणत, वस्तू तिच्या जागेवरून हलवणं म्हणजे जुल्म. आताचे आणखी पुढे जातात. जुल्म करणारा एकच माणूस शोधत बसू नका, म्हणतात. कायदा, कारखाना – सगळी घडीच जुलमी असू शकते."

जीव हलका झाला! पण जिना उतरेपर्यंतच. त्या घडीच्या हातात पाना नव्हता. माझ्या हातात होता.

"आणि गप्प बसणारा?" मी दारातून विचारलं होतं.

"तो स्वतःवरच जुल्म करतो, बेटा."

९ मार्च

साहेबांनी कागद पुढे सरकवला. 'जाळी जखमी कामगाराने स्वतः काढली.' साक्षीदार म्हणून माझी सही हवी. मुदत परवापर्यंत.

अम्मी म्हणते, "पाण्यात राहून माशाशी वैर धरू नकोस. बायकोला सातवा लागलाय."

नमाजला उभा राहिलो. तोंडपाठ शब्द, पण एकही आठवेना.

१० मार्च

इस्पितळात जाऊन खालाला सगळं सांगितलं.

"पाहिलं होतं मी तुला, जाळी काढताना."

"मग बोलली का नाहीस?"

"ढीग केवढा साचला होता रे! मलाही घाईच होती."

माफ कर म्हणायला गेलो. तिचा पाण्याचा ग्लास भरून ठेवला आणि निघालो.

११ मार्च

खरं ते लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलंही नाही! उलट खालाचा कागद दाखवला – 'चूक माझीच', आणि खाली तिचा अंगठा. डाव्या हाताचा.

"तिचं मिटलंय. तू कशाला अंगावर ओढून घेतोस?"

१२ मार्च

काय मिटलं ते सकाळी कळलं. चार नंबरवर खालाच्या जागी तिची मुलगी कामाला उभी होती. जाळी अजून नाही.

मेन स्विच पाडलाय, सगळ्या प्रेस बंद. त्याला पाठ लावून बसलोय. साहेब येताहेत.