तिसऱ्या गाण्यातली शीळ

४ मार्च

तिकिटं आली! पाठवली कुणी? गिटारवाल्यानं — मेहुण्याचा कॉलेजातला मित्र. वीस वर्षं परदेशात आहे, आणि हिच्या लाडक्या बँडचा शेवटचा कार्यक्रम नेमका त्याच्याच शहरात! ही फोनवर ओरडली, "अरे, खरंच?" त्याला ‘अरे’. मला सत्तावीस वर्षं ‘अहो’.

मी म्हणालो, छान झालं. आणि वर्कशॉपमध्ये जाऊन एका धडधाकट पंपाचं झाकण उघडून बसलो.

७ मार्च

हिनं कपाटातून ती टेप काढली. बॅगेत घ्यायची म्हणे. तिकडे वाजवणार कशावर? "वाजवायला नाही हो, सोबत असू दे."

ती टेप म्हणजे माझी सवत. लग्नात हिच्याबरोबरच घरात आली. स्पीकरसमोर माईक ठेवून भरलेली, त्यामुळे गाण्यांबरोबर खोलीही आत शिरलीय — पंख्याची घरघर, खुर्चीची करकर. आणि तिसऱ्या गाण्यात एक पुरुष शीळ घालतो! अगदी मजेत, गाण्याच्या बरोबरीनं. वरच्या सुराला मात्र दर वेळी उतरतो. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "टेप कुणी दिली?" हसून म्हणाली, "आहे एक जण." पुन्हा विचारलं नाही. विचारायचं कशाला? हिच्या माहेरी लांब केस आणि गिटार घेऊन पडीक असणारा एकच होता. तेव्हापासून टेप लागली की मी घराबाहेर.

माझे कान काय आहेत ते धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. रेडिओच्या दुकानात नोकरीला लागलो ते या कानांवर (ही पहिल्यांदा दिसली तीही तिथेच), आणि हे वर्कशॉप उभं केलं तेही त्यांच्यावरच. मोटार फोनवर ऐकवा, कुठलं बेअरिंग गेलंय सांगतो. तो बेसूर शीळवाला मला झोपेतही ओळखू येईल.

१२ मार्च

फोरमन म्हणतो, "साहेब, तुम्ही आणि रॉक बँड?"

"बायकोची हौस."

"मग तोंड असं का? फाशी द्यायला नेतायत का?"

चौदा माणसांत याच्याच तोंडाला कुलूप नाही. त्याला गोदामाची झाडझूड दिली.

१८ मार्च

पोचलो. विमानतळावर गिटारवाला हजर. केस गेलेत. सगळे! इतकं बरं वाटलं की मीच पुढे होऊन मिठी मारली.

पण लगेच — "काय गं छोटी, आहेस तशीच आहेस की!" छोटी! पन्नाशीची बाई, चक्क लाजली.

१९ मार्च

त्याच्याकडेच उतरलोय. भिंतीवर दोन गिटारी, खाली आमचा सोफा. माणूस चांगला आहे, हीच तर पंचाईत. चहा स्वतः करतो. मला खिडकीकडची बाजू दिली. शिव्या द्यायला जागा नाही.

परीक्षा घेतली. तो कप विसळत होता, मी सहज म्हणून तिसऱ्या गाण्याची चाल गुणगुणलो. म्हटलं, आता शीळ येईल. वळून म्हणतो, "भावजी, तुम्हालाही आवडतो हा बँड? छोटी कधी बोलली नाही!"

"छे, छे!" म्हणालो.

पक्का आहे.

२० मार्च

लिहावं की नाही? लिहितोच.

केवढं मैदान! पांढऱ्या दाढ्या, काठ्या, नातवंडं — सगळे उड्या मारतायत. ही मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. तासभर ही आणि तो शब्द न शब्द बरोबर गात होते. डोकी जवळ. मी आपला छत्रीच्या स्टँडसारखा उभा. हिचा कोट, हिची पर्स, हिची ओढणी — सगळं माझ्यावर.

मग हिला तहान लागली. मी जातो म्हणेपर्यंत गिटारवाला गेलासुद्धा. आणि तेवढ्यात ते तिसरं गाणं! हळू गाणं आहे. सगळं मैदान एकदम शांत झालं. हिनं फोन वर धरला. पहिल्याच सुराला हिच्या डोळ्यांत पाणी. कुणासाठी, ते मला सांगायला नको.

पण गाणं... काय सांगू! एक शब्द कळत नाही, चाल मात्र पाठ आहे, हे आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. कधी वाहून गेलो समजलंच नाही. भानावर आलो तेव्हा शेजारचा म्हातारा माझ्याकडे बघून हसत होता आणि हिनं माझा दंड घट्ट धरला होता. म्हटलं, त्याला शोधतेय वाटतं.

तो आला पाणी घेऊन. पुढचं गाणं निम्मं झालं होतं तोवर.

२२ मार्च, विमानात

हिच्या फोनवर ते गाणं ऐकलं. शीळ! तीच! वरच्या सुराला तशीच उतरलेली! हिला हलवून उठवलं. "ऐक, ऐक तुझ्या गिटारवाल्याला!"

"तो कुठला? तो पाणी आणायला गेला होता ना."

"मग कोण?"

ही माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, चेष्टा करताय का? दुकानात टेप भरून देतानाही हेच केलं होतंत. मालक म्हणाले, पोरानं शीळ घातलीय, दुसरी भरून देतो. मीच नको म्हटलं."