बॉनेटखालचं ‘बे’

कंग्राळी, गुरुवार

तीर्थरूप मारुतीराव दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा भरमू याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. कंबर धरली आहे, आणि ती का धरली हे पुढं येईलच.) इकडे रुक्मा, तेजस्वी, म्हैस आणि मी असे सगळे खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याची कळ, डोळ्यांत घालायचे थेंब आणि निपाणीच्या घरचा नळ हे तिन्ही आपापल्या वेळेला येत असतील अशी आशा करतो. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तर फोनवर तुम्ही ‘बरं, ठेवतो’ हे ‘हॅलो’च्याही आधी म्हणता, आणि मला जे सांगायचं आहे ते ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ यांच्यामधल्या फटीत बसणारं नाही.

मागल्या खेपेचं बोलणं तुमच्या लक्षात असेल. तेजस्वीचं लग्न ठरलं, तिला सासरी पाठवायची ती तुमच्या फियाटमधूनच, असा तिचा हट्ट आहे, एवढं मी म्हटलं आणि तुम्ही तिथल्या तिथं गाडी देऊन टाकलीत. पण तुम्ही कधी येताय विचारल्यावर म्हणालात, “गाडी ने रं. मला कशाला? तुजी आक्का गेल्यावर मी बी आता जादाचंच सामान.” आणि फोन ठेवलात. मला वाईट वाटलं, हे सरळच लिहितो. रुक्मानं तर दोन दिवस तुमचा विषय निघाला की भांडी जोरात ठेवली. म्हटलं, आधी गाडी तर घरी आणू, मालकाचं मागाहून बघू.

निपाणीहून निघालो तेव्हा गाडी गुणी होती. संकेश्वर सोडेपर्यंत तिनं माझी लाज राखली, वंटमुरीच्या घाटात मात्र तिच्या तोंडातून वाफ निघाली. बॉनेट उघडलं आणि दाजी, मी उभी हयात हिंडलग्याच्या जेलात काढली (नोकरीत. व्याह्यांना हे दर वेळी समजावून सांगावं लागतं), पण एवढी गर्दी मी कुठल्या बराकीत पाहिली नव्हती. कधीतरी बसवून घेतलेल्या एसीचा कॉम्प्रेसर, जो थंड करायचा केव्हाच विसरला आहे. गॅसच्या किटचे नळ, ज्यांची टाकी तुम्ही कुणाला देऊन टाकलीत ते देव जाणे. तीन हॉर्न, त्यातला एक मुका. कुठूनही न निघणाऱ्या आणि कुठंही न पोचणाऱ्या वायरी. तुमच्यावर टीका नाही. माणूस एकाच गाडीवर जन्मभर जीव लावतो तेव्हा असंच होतं, आमच्या माळ्यावर काय आहे ते तुम्ही पाहिलंच आहे.

आमचा शेजारी रवळू (नांगराचा फाळ सोडून कशालाच हात लावलेला नाही, पण मोबाईलवर सगळं बघितलेलं) म्हणाला, परदेशात जुन्या गाड्यांतलं बिनकामाचं सगळं काढून टाकतात, मग गाडी तापत नाही आणि इंजिन पूजेच्या भांड्यांगत चकचकीत दिसतं. मला ते पटलं. पटायला नको होतं, पण लग्नघरात माणसाला काहीही पटतं. मच्छ्याला मायाप्पाचं गॅरेज आहे, तिथं गाडी नेऊन लावली आणि जे जे काढायचं त्याच्यावर मी स्वतः खडूनं खूण केली. जेलात येणाऱ्याच्या सामानावर एका अक्षराची खूण करायची सवय हाताला आहे, ती अशी जात नाही.

आता हे अक्षर कोणतं, हाच खरा घोटाळा. मायाप्पाच्या घरी मराठी, माझ्या घरी मराठी. पण त्याच्याकडची पोरं बैलहोंगलाकडची, त्यामुळं त्या गॅरेजात पान्यालासुद्धा कन्नडच कळतं. म्हटलं, आपण कन्नडात लिहावं, पोरांची सोय होईल. काढायचं म्हणजे नको, नको म्हणजे ‘बेडा’. तेलकट लोखंडावर अख्खा शब्द उठेना, म्हणून त्यातलं पहिलं अक्षर प्रत्येकावर वळणदार काढलं, ‘बे’. आणि ‘खूण बघून काम कर’ असं मायाप्पाला सांगून रुक्माबरोबर शहापूरला साड्या घ्यायला गेलो. (जेलातला माणूस जामिनावर सुटतो, साडीच्या दुकानातला नाही.)

संध्याकाळी येऊन बघतो तर एसीचा कॉम्प्रेसर, गॅसचे नळ आणि मुका हॉर्न रॉकेलनं पुसून, आपापल्या जागी, नवरदेवागत बसलेले. आणि कार्ब्युरेटर, रेडिएटर, पंखा, कॉइल, पेट्रोलचा पंप हे सगळं खाली घमेल्यांत. मायाप्पा मात्र समाधानात होता.

“अण्णा, तुमीच तर लिवलंय न्हवं? बे म्हंजे बेकु.”

“आरं, बे म्हंजे बेडा.”

आमचा होणारा जावई साताऱ्याकडचा, त्याला हे समजावताना मला घाम फुटला, की कन्नडात ‘बेकु’ म्हणजे हवं, ‘बेडा’ म्हणजे नको, आणि दोन्हींची सुरुवात एकाच अक्षरानं होते. तो म्हणाला, मग इथली माणसं वेळेत थांबतात कशी? मी म्हटलं, पुढचं अक्षर ऐकेपर्यंत धीर धरायचा असतो, आणि आमच्याकडं तोच कमी. मराठी-कन्नड पाट्यांवरच्या अक्षरांपायी इथं काय काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे. पण एका अक्षरापायी गाडीचं काळीज घमेल्यात आलेलं मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

मायाप्पावर राग धरू नका, मीही धरलेला नाही (दुसऱ्या दिवशी सोडला). एवढं सगळं काढताना तुला शंका कशी आली नाही, असं विचारलं तर म्हणाला, हल्ली लग्नाच्या हॉलबाहेर जुनी गाडी नुसती सजवून उभी करतात, पाहुणे तिच्याजवळ फोटो काढतात, तशीच ही दिसते. चालायचीच नसेल तर इंजिनाचं ओझं कशाला? आता यात खोडण्यासारखं काय आहे? रेडिएटरचं घमेलं मीच रागाच्या भरात उचललं, आणि कंबर धरली ती तिथं.

त्या घमेल्यात तळाला एक चपटा ॲल्युमिनियमचा डबा निघाला. बॅटरीच्या मागं, इंजिनला लागून, तांब्याच्या तारेनं बांधलेला होता म्हणे. त्याच्यावर माझी खूण नव्हती, कारण तो मला दिसलाच नव्हता. रवळू म्हणाला हा विजेचा काहीतरी भाग, मायाप्पा म्हणाला गॅसचा. घरी आणून ओट्यावर ठेवला, तर रुक्मानं झाकण काढून वास घेतला आणि पदर डोळ्याला लावला. “ह्यो आक्काचा डबा. त्या निपाणीत बांधून द्यायच्या, बेळगावात भाकरी गरमच.”

दाजी, त्या डब्यात अजून शेंगदाण्याच्या चटणीचा वास आहे. मलाही रडू आलं. बहीण माझीच होती.

तर सांगायचं ते एवढंच. गाडी घमेल्यांत आहे, लग्न तोंडावर आलं आहे, आणि कुठली वायर कुठं जाते हे तुमच्याशिवाय त्रिभुवनात कुणाला ठाऊक नाही. गाडी चालवू नका, डोळ्यांचं मला माहीत आहे. नुसतं खुर्चीवर बसून बोट दाखवा. तेव्हा मनावर घेऊन चार दिवस या. थोरांना जास्त काय लिहावं? लिहिलं तेच जास्त झालं आहे.

तुमचा,
भरमू

ता. क. : वरचं पत्र सोमवारी लिहून ठेवलं होतं, पोस्टात टाकायचं राहिलं. तारीख तेवढी आजची घातली. दरम्यान काल मायाप्पानं सगळं परत बसवलं. अर्ध्या चावीला गाडी सुरू होते, वंटमुरीचा घाट चढवून बघितला, तापली नाही. दोन नट आणि एक स्प्रिंग उरली आहे, पण तेवढं प्रत्येक गॅरेजात उरतंच. म्हणजे वायरींसाठी तुमची गरज नाही. तरी पत्र फाडलं नाही, कारण ‘या’ म्हणून लिहिलं आहे ते खरं आहे.

दुसरा ता. क. : मुका हॉर्न बसवूनच ठेवला आहे. मायाप्पा म्हणतो, इतकी वर्षं गप्प बसून ज्यानं साथ दिली त्याला आता काय काढायचं?

तिसरा ता. क. : तेजस्वी म्हणते, पुढच्या सीटवर निपाणीचे मामा नसतील तर मी रिक्षानं जाईन. तिचा स्वभाव आक्कावर गेला आहे, त्यामुळं ती रिक्षानं जाईलही. म्हणून रविवारी सकाळी गाडी तुमच्या दारात येईल. डबा होता तिथंच, त्याच तारेनं बांधला आहे आणि रुक्मा त्यात भाकरी घालून देणार आहे, गरम आहे तोवर खा. एका अक्षरावर भागवायचं मी आता सोडलं आहे, म्हणून पुढच्या सीटच्या पाठीवर खडूनं ठळक, अख्खा शब्द लिहिला आहे, ‘बेकु’. टेकून बसलात की तुमच्या पाठीवर उमटेल. येताना पांढरा सदरा घालू नका, त्यावर खडू दिसत नाही.