गिरणी अक्षराच्या नावे

मी, संयोगिता आप्पाजीराव लाड, वय एक्केचाळीस, अविवाहित, धंदा श्रवणयंत्रे बसवण्याचा, राहणार राजाजीनगर, बेंगळूर, आज रोजी हे माझे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि रक्तदाब गोळीवर आहे. डावा कान अर्धा गेला आहे. तो ड्रमशेजारी उभं राहून गेला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला कोणी फूस लावलेली नाही की धमकी दिलेली नाही. धाकटा भाऊ यशोवर्धन मागल्या महिन्यात बिल्डरला घेऊन आला होता, पण त्याला धमकी म्हणता येत नाही. दोघेही चहा पिऊन गेले.

वकीलबाई म्हणाल्या, "मॅडम, कन्नडात नाहीतर इंग्रजीत लिहा, मराठीत कोर्टात स्वल्प त्रास होतो." सरी, ठीक आहे, होऊ दे त्रास. आमचं घराणं साडेतीनशे वर्षं या मुलखात राहून घरात मराठीच बोलतं, आणि मला जे सांगायचंय ते माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या भाषेतच सांगता येतं. कन्नड भाषांतराचं काम नागराजने करावं. तोच या मृत्युपत्राचा व्यवस्थापक आहे आणि आमच्या बँडचा ड्रमवाला होता, त्यामुळे त्याला मेहनतीची सवय आहे.

कलम १. कारण. गेल्या मार्चमध्ये बसवंत गेला. बसवंत म्हणजे आमचा गायक, निपाणीकडचा, अकरावीपासूनचा माझा मित्र. इलेक्ट्रॉनिक सिटीत ऑफिसच्या जिन्यावर दम लागला म्हणून बसला, तो उठलाच नाही. त्याने कागदावर एक ओळ लिहिलेली नव्हती. त्याचा माइक, त्याच्या कॅसेटी, सगळं ज्याने त्याने उचलून नेलं. त्याच्या बायकोला, पवित्राला, मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अक्का, मला विचारायला कोणी थांबलंच नाही." त्या दिवशी मी ठरवलं की आपण असं जायचं नाही.

बाकीची कलमं वाचायला वेळ नसेल त्यांच्यासाठी मुद्दा इथेच सांगते. आमच्या घराच्या तळमजल्यावरची पिठाची गिरणी बसवंतच्या मुलीला, अक्षराला, मिळाली पाहिजे. यशोवर्धनला तिथे गाड्या लावायच्या आहेत. तसं होता कामा नये.

कलम २. यशोवर्धन. वरचा मजला, बँकेतल्या ठेवी, माझी गाडी आणि आईच्या बांगड्या यशोवर्धनला द्याव्यात. तो माझा सख्खा भाऊ आहे, माझ्या आजारपणात त्याने डबे पोचवले आहेत, हे मी विसरलेले नाही. त्याने माझा अॅम्प्लिफायर मला न विचारता भंगारवाल्याला दिला, हेही विसरलेले नाही. "ताई, धूळ खात पडला होता!" अरे, तूही सोफ्यावर पडलेला असतोस, तुला दिलं का कोणी? असो. माफ केलं. पण गिरणी अप्पांच्या वाटणीपत्राने माझ्या एकटीच्या नावे आहे, आणि तिच्याबद्दल त्याने तोंडातून ब्र काढू नये.

कलम ३. शेजारच्या चंद्राबाई अक्का. यांनी आमच्या बँडच्या आवाजाविरुद्ध महापालिकेत अर्ज दिला होता. "गिरणीचा आवाज चालेल हो आप्पाजी, ती देवाने दिलेली पोटाची सोय. पण ते पोरगं आत काय ओरडतं? कापतात काय त्याला?" आता अक्का ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांची दोन्ही श्रवणयंत्रं मीच बसवली आहेत. त्यांना जन्मभर पुरतील इतक्या बॅटऱ्या माझ्या दुकानातून फुकट द्याव्यात. आई गेली तेव्हा दहा दिवस आमच्या घरी पिठलं-भात याच बाईने पाठवला. त्यांचा तो अर्ज मी त्या पिठल्यावर फेडून घेतला आहे.

कलम ४. गिटार आणि कॅसेटी. गिटार माझ्या दुकानात कामाला असलेल्या मानसिंगला द्यावी, तो तिची तार तरी बदलेल. माझ्याकडे उरलेल्या कॅसेटी मात्र अक्षराच्या. त्या मी आणि बसवंतने जयनगर फोर्थ ब्लॉकातून एकेक करून आणलेल्या आहेत, दोघांत एक, आठवडा त्याच्याकडे, आठवडा माझ्याकडे.

त्या कॅसेटींवर गाणाऱ्या अमेरिकन पोरांबद्दल इथे चार शब्द लिहिते, कारण त्यांचे आभार मानायची दुसरी जागा मला मिळणार नाही. ढगळ पँटी, पँटीला साखळ्या, कोणी मुखवटे घालणारे, कोणी केसांच्या दोऱ्या वळलेले. अर्ध्या गाण्यात भराभर बोलायचे आणि उरलेल्या अर्ध्यात घसा फाडायचे. लोक त्याला न्यू-मेटल म्हणायचे, माझी मावशी त्याला अंगात येणं म्हणायची. आज ऐकताना काही गाणी मलाही बाळबोध वाटतात, खोटं कशाला बोलू? पण मी पंधरा वर्षांची असताना आई गेली. आमच्या घरात राग फक्त अप्पांना यायची परवानगी होती, आणि त्या वर्षी अप्पांनाही येईनासा झाला. घरात कोणी बोलायचं नाही. अशा वेळी कानात कोणीतरी माझ्याच वयाचं होऊन सांगत होतं की मला दुखतंय, मला राग आलाय, आणि मला त्याची लाज वाटत नाही. ते माझं काय भलं करून गेले, त्यांना कधी कळणार नाही. पोरांनो, जिथे असाल तिथे सुखी राहा. तुमच्यातले काही फार लवकर गेले, त्याचं मला घरच्या माणसाइतकं वाईट वाटलं.

मला स्वतःला ओरडता येत नसे. तोंड उघडलं की रडू यायचं. माझ्या वाटचं बसवंत ओरडायचा.

कलम ५. गिरणीचा पूर्वेतिहास. आमच्या बँडचं नाव 'टेन एचपी'. ते गिरणीच्या मोटरवर लिहिलेलं होतं, तिथूनच उचललं. बसवंत, नागराज आणि मी, तिघंच. बेस गिटार नव्हती, कारण गिरणी होती. खालचा घुमणारा आवाज ती द्यायची आणि तिच्या आवाजाला मी गिटार लावायचे. पट्ट्याचा जोड चाकावरून जाताना टक्‌ वाजायचा, त्या टक्‌वर नागराज ठेका धरायचा. दर रविवारी दुपारी गिरणी धडधडायची आणि मागच्या खोलीत आम्ही. बाहेर रस्त्यावर फक्त गिरणी ऐकू जायची, अक्कांचे कान सोडले तर.

मग आम्ही कॉलेजच्या स्पर्धेत उतरलो. स्टेजवर गिरणी कुठली असणार? पहिल्याच गाण्यात नागराज सुसाट सुटला, मी मागे राहिले, बसवंत मध्ये लोंबकळत राहिला. शेवटचा नंबर आला. बाहेर आल्यावर बसवंत म्हणाला, "खुळ्यांनो, अप्पांची गिरणी टेम्पोत घालून आणाय पायजे होती की!" आम्ही रस्त्यावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती ही वेळ.

रविवारी अप्पा गिरणी का चालवतात, हा प्रश्न मला कधी पडला नाही. दारावर 'रविवारी बंद' अशी पाटी होती, आणि मला वाटायचं हॉटेलांची ज्वारी असेल. अप्पा गेले त्यानंतर बसवंतने सांगितलं. तो एकदा पाणी प्यायला म्हणून पुढे गेला तर दाणे ओतायची पेटी रिकामी. अप्पा स्टुलावर बसलेले, आणि गिरणी दगडावर दगड घासत नुसतीच फिरतेय. ज्यांना गिरणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: मध्ये दाणे नसले की दगड एकमेकांना खातात. बोथट होतात, मग त्यांना पुन्हा टाकी लावावी लागते. छिन्नी-हातोडी घेऊन एकेक खाच पाडत बसायचं, बोटं सोलपटून निघतात.

बसवंतने विचारलं, "अप्पा, मग वरचा दगड थोडा उचला की. झीज तरी वाचंल."

अप्पा म्हणाले, "उचलला की आवाज बसतो. तू केवढ्याने ओरडतोस, त्याला पुरायला नको?" आणि मग म्हणाले, "पोरीला सांगू नकोस. आई गेल्यापासून ती याच खोलीत जरा जिवंत दिसते."

त्यानंतर बसवंत दर शनिवारी अप्पांबरोबर दगडांना टाकी लावायला बसायचा, आणि मला दोघेही सांगायचे की पट्टा बदलतोय. माझ्या बापाने मला कधी जवळ घेतलं नाही, कधी एक शब्द सांत्वनाचा बोलला नाही. मी तेव्हा म्हणायचे की हा माणूस दगड आहे. अप्पा, मला कळायला फार वर्षं लागली, पण कळलं.

कलम ६. अक्षरा. वय पंधरा. वडील गेल्यापासून ती आणि पवित्रा जयनगरला आजोळी राहतात. तिथले लोक चांगले आहेत, पण तिने बाथरूममध्ये जरा आवाज चढवला तर आजी दार वाजवते: "बाप गेलाय, आणि पोरगी ओरडते!" एका रविवारी पवित्रा तिला पहिल्यांदा मेट्रोने माझ्याकडे घेऊन आली. मागच्या खोलीत ती हाताची घडी घालून नुसती उभी राहिली.

"मावशी, बाहेर ऐकू जाईल."

मी पुढे गेले आणि बटण दाबलं. पट्टा फिरला, जोड टक्‌ टक्‌ वाजू लागला. मी अप्पांच्या स्टुलावर बसले. मग आली ती किंकाळी, आणि तिच्यात शब्द एकच होता, "पप्पा". पुन्हा पुन्हा तोच. मी रडत बसले होते आणि उठून बटण बंद करायची माझी छाती नव्हती. केव्हातरी त्या हाकेचं गाणं झालं. बाहेर आली तेव्हा घसा बसला होता, आणि म्हणाली, "मावशी, भूक लागली." आता ती दर रविवारी येते. आवाज अगदी बापावर गेलाय.

कलम ७. गिरणीची व्यवस्था. वरील कारणांस्तव गिरणी, मोटर, दगड, पट्टा आणि मागची खोली मी अक्षरा बसवंत हिच्या नावे करते. ती सज्ञान होईपर्यंत पवित्राने सांभाळावी. सोमवार ते शनिवार देवाप्पा दळण दळतो, ते तसंच चालू ठेवावं आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलावं. अक्षराने गाणंच करावं अशी माझी अट नाही. तिने डॉक्टर व्हावं, लग्न करावं, न करावं, उद्या भजन म्हणावं, खोली तिचीच. अप्पांची छिन्नी-हातोडी स्टुलाखालच्या डब्यात आहे. अप्पांनी ती बसवंतला दिली होती आणि पवित्राने मला आणून दिली. एवढी एकच वस्तू तिने कोणाला उचलू दिली नाही.

अट एकच, आणि ती यशोवर्धनसह सर्वांवर बंधनकारक आहे. अक्षरा आत असेल तेव्हा घरातल्या कोणीतरी खाली येऊन स्टुलावर बसावं आणि गिरणी चालू करावी. दळण असो वा नसो. दगड उचलू नये.

हे सर्व मी वाचून, समजून, आज माझ्या हाताने लिहिले आणि खालील दोघांसमोर सही केली. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

लिहून ठेवणार: संयोगिता आप्पाजीराव लाड (सही)

साक्षीदार:
१. डॉ. मुग्धा, राहणार राजाजीनगर. मृत्युपत्र करणारी पूर्ण शुद्धीत असल्याची खात्री केली. (सही)
२. विराट, राहणार राजाजीनगर. (सही)

स्थळ: गिरणी, राजाजीनगर, बेंगळूर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार दुपार. गिरणी चालू असल्याने साक्षीदारांना मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा लागला.