शनिवारच्या बैठकीला लायब्ररी

अण्णा, मागच्या वेळी तुम्हाला लिहिलं त्यात एक दुरुस्ती आहे. मेडिसिनचे सर आमच्या मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत आले आणि सर्पदंशाच्या संशोधनात त्यांनी मला बोलावून घेतलं, असं मी लिहिलं होतं. तसं झालं नव्हतं. शिपायाबरोबर त्यांची चिठ्ठी आली होती, या विषयावरचे लेख काढून द्या, एवढीच. ते लेख घेऊन त्यांच्या शनिवारच्या बैठकीत मीच गेले, न बोलावता. स्वतःहून गेले असं लिहायला संकोच वाटला असावा.

दारात मला पाहून एक तरुण डॉक्टर म्हणाले, "काय ओ मॅडम, कुणाचं पुस्तक द्यायचं ऱ्हायलंय काय? वसुलीला आलाय जणू." सगळे हसले. सरांनी मात्र खुर्ची पुढे सरकवली. "बसा की. आज लायब्ररी चालत आलीय."

शिरोळकडच्या उसाच्या रानात साप चावलेली माणसं आमच्या दवाखान्यात एवढ्या उशिरा का पोचतात, यावर बोलणं चाललं आहे. "अडाणीपणा, दुसरं काय," कुणीतरी म्हणतं. आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसायला लागतं. शाळेत घालायच्या आधी तुम्ही मला तिथेच वाचायला शिकवलंत. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून अव्वाची भाकऱ्यांची घाई, आणि तुम्ही मात्र वर्तमानपत्रावर माझं बोट धरून बसलेले. पुढचा शब्द मी अंदाजाने म्हटला की बोट तिथेच दाबून धरायचात. "वाचलंस का ठरवलंस?" अव्वा ओरडली तरी तो शब्द नीट वाचल्याशिवाय ताट पुढ्यात येत नसे.

मी म्हटलं, "सर, मला मिळालेल्या लेखांत पेशंट दवाखान्यात आल्यावरचंच सगळं आहे. त्याआधी तो कुठे गेला, हे विचारलेलं दिसत नाही. आमच्या गावात आधी देवळात नेतात. आपण विचारूया का?" सर म्हणाले, "मग प्रश्न तुम्हीच काढा. आणि पुढच्या शनिवारी या." वॉर्डातल्या पेशंटांची उत्तरं आली तेव्हा माझाही अंदाज चुकलेला निघाला. देवळापेक्षा गाडी मिळण्यातच लोकांचा जास्त वेळ गेला होता.

तेव्हापासून सरांच्या विभागात नवं संशोधन निघालं की पहिल्याच बैठकीला लायब्ररीला निरोप येतो. आता बालरोगवालेही बोलावतात. कुठे काय शोधायचं ते मी दाखवते, आणि वॉर्डात काय घडतं ते डॉक्टर मला समजावतात. मला याचा अभिमान वाटतो, अण्णा. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. हे बघायला तुम्ही हवे होतात.

आता सर्पदंशाचा लेख तयार झालाय. संशोधकांच्या नावांत माझं नाव नाही. शेवटी ग्रंथालयाचे आभार आहेत. सरांच्या मनात वाईट काही नाही, रीतच तशी आहे. पण प्रश्न मी काढले, आधी झालेल्या संशोधनाचा आढावा मी लिहिला. नुसते आभार राहिले, तर माझ्या जागी उद्या जी येईल तिला पुन्हा चिठ्ठीच येईल. हे सरांना सांगायला केबिनपर्यंत गेले होते. दार न वाजवता परतले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला ठाऊक आहे. खरं तर तुम्हाला सांगायच्या निमित्ताने मी सरांशी बोलायची वाक्यं जुळवत होते. लेख गुरुवारी छापायला पाठवायचा आहे. बुधवारी ओपीडी संपली की मी सरांकडे जाणार आहे.