घरच्या नावानं हाक

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
५ फेब्रुवारी २०२५

चि. श्रेया हिस मम्मीचे अनेक आशीर्वाद.

पार्सल फोडलंस की आधी आमटीच्या येसर मसाल्याचा डबा बघ. झाकण घट्ट लावलंय, तरी तुमच्या गुवाहाटीच्या दमट हवेचा मला भरवसा नाही. शेंगदाण्याची चटणी आज्जीनं स्वतः कुटलीय, मिक्सरला हात लावू दिला नाही. लाडू मैत्रिणींना दे. चटणी मात्र देऊ नकोस, त्या रडतील आणि नाव आपलं खराब होईल.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. व्हिडिओ कॉलवर तुझे पप्पा मागून येरझाऱ्या घालतात, आणि आज्जी मध्येच तोंड घालून ‘पोरगी वाळली’ म्हणते. त्यात माझं काय बोलून होणार? म्हणून ही चिठ्ठी लाडवांच्या डब्याखाली सरकवलीय.

इकडं सगळे मजेत आहोत. पप्पांच्या ठिबकच्या दुकानात उन्हाळ्याआधीची गर्दी सुरू झालीय. आज्जी गावाहून, कन्नडहून, आली ती मेथी, हरभऱ्याचा पाला आणि हुरडा अशी पोती घेऊनच. शेजारीपाजारी वाटूनही संपत नाही.

आता माझी बातमी. निकाल तर मागेच लागला, पण पदवी हातात पडणार ती २२ तारखेला, शनिवारी. बी.ए. समाजकार्य, प्रथम श्रेणी. हे वाक्य दोनदा वाच, मीही दोनदा लिहिणार होते. परवा रंगीत तालमीला गेले होते. रिक्षावाल्याला नुसतं ‘विद्यापीठ’ म्हटलं की तो अजूनही मोठ्या विद्यापीठाकडं वळवतो. ‘चर्चवालं’ म्हटलं की मग बरोबर नेतो. फाटकातून आत शिरले आणि सकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. अंगाला इतकी सवय झालीय की मी पदर सावरून धावतच सुटले. माझं शिक्षण संपलंय हे प्रार्थनागृहाच्या पायरीवर आठवलं. रूपा पोट धरून हसत होती. रूपा म्हणजे माझी बाकावरची मैत्रीण, जालन्याची, वसतिगृहात राहते. तुझ्याहून लहान आहे आणि तुझ्याहून जास्त रागावते मला.

आमच्याकडच्या पदवीदानाची पद्धत तुला मागे सांगितली होती. पुन्हा सांगते, कारण मला सांगायला आवडतं. पूर्वी म्हणे खेड्यातून आलेले आईबाप मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे, इंग्रजी भाषणं ऐकायचे आणि तसेच गावी परतायचे. एका जुन्या प्राचार्यांना ते बघवेना. त्यांनी नियमच केला की पदवी घेणाऱ्याला मंचावर विद्यापीठानं बोलवायचं नाही. घरच्या माणसानं माईकपाशी जायचं आणि घरी ज्या नावानं हाक मारतात त्याच नावानं हाक मारायची. चर्चचे पाळकसाहेब सांगतात की त्यांच्या शास्त्रात देवसुद्धा माणसाला नावानंच बोलावतो.

माझ्यासाठी तू येणार होतीस. नेमकी त्याच दिवशी तुझी प्रॅक्टिकल आली, त्याला तू तरी काय करणार. वाईट वाटून घेऊ नकोस. पप्पांना शनिवारी दुकानात फार काम असतं. करुणा मॅडम म्हणाल्या की कुणीच नसेल तर त्या स्वतः हाक मारतील. आमच्या विभागप्रमुख आहेत, उपासनेला गातातसुद्धा, आवाज फार गोड आहे त्यांचा. तेव्हा ती काळजी नाही.

साडी कोणती नेसू ते कळव. मोरपंखी की डाळिंबी?

तुझी,
मम्मी


१३ फेब्रुवारी २०२५

चि. श्रेयास आशीर्वाद.

काल तू फोनवर विचारलंस, “पप्पा मारतील की हाक?” आणि मी विचारलं, चटणी कशी झालीय. माझीच पोरगी आहेस, तुला काय कळायचं राहणार?

तर ऐक. मी त्यांना विचारलं होतं. पहिलं पत्र लिहायच्या आधीच विचारलं होतं. जेवणं झाली होती, आज्जी टीव्हीसमोर बसली होती. ताटं उचलता उचलता मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, याल का?

“माईकवर?” पप्पा म्हणाले. “लोकायसमोर बायकूचं नाव घेऊन वरडू व्हय मी? आन् म्हातारी म्होरं बसलेली आसंल.”

“नुसतं नाव तर घ्यायचंय,” मी म्हटलं.

“तेच तर म्हन्तो. दुसरं काय बी सांग. मांडव घालतो, सगळ्या कॉलेजला जेवू घालतो. पर हे नाय जमायचं आपल्याला.”

रागावू नकोस त्यांच्यावर. किती केलं त्यांनी, तू बघितलंयस. तीन वर्षं रोज सकाळी मला स्कूटरवर फाटकापर्यंत सोडलं. परीक्षेच्या दिवसांत स्वतः खिचडी लावली, तीही आज्जीच्या देखत. भावकीतले म्हणाले, “या वयात कालेज, आन् ते बी चर्चवालं?” तर यांनी “तुमाला काय तरास हाय?” म्हणून एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं. डिसेंबरात मी पोरींबरोबर छावणी भागात नाताळची गाणी म्हणत हिंडले, तेव्हा हे मागून स्वेटर घेऊन आले होते. सगळं केलं गं. फक्त नाव तेवढं कधी घेतलं नाही.

लग्न झाल्यापासून मी ‘आगं’ आहे. फार तर ‘ऐकलं का’. तू झाल्यावर ‘श्रेयाची मम्मी’ झाले. आज्जी ‘श्रेयाची माय’ म्हणते आणि कॉलनीत मी ‘निकम वहिनी’. माझे आईवडील गेले आणि मंजुषा म्हणणारं घरचं माणूसच उरलं नाही. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मॅडमनी हजेरीत ‘मंजुषा निकम’ म्हटलं, तर मी वळून बघायला लागले की ही कोण मुलगी. रूपानं कोपरानं ढोसलं, “काकू, तुम्हीच ना?” त्या दिवशी घरी येताना स्कूटरवर मी मागं बसून रडत होते. पप्पांना वाटलं, वर्गात कुणी चिडवलं. जाऊन भांडायला निघाले होते.

म्हणून करुणा मॅडमनी जेव्हा विचारलं, “घरी कोणत्या नावानं हाक मारतात?” तेव्हा मी ‘मंजुषाच’ म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

पदवीचा कागद मला हवाच आहे, त्यासाठी डोळे फोडलेत. पण त्याहून जास्त मला एकदा, एकदाच, तुझ्या पप्पांच्या तोंडून माझं नाव ऐकायचंय, आणि तेही चारचौघांत. पुन्हा विचारणार मात्र नाही. मागून घेतलेली हाक मला नको. हे लिहून टाकलं आणि बरं वाटलं.

आता जरा हस. आज्जीनं आमचं बोलणं ऐकलं होतं. टीव्ही नुसता चालू होता. दुसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता मला म्हणाली, “आमच्या मालकानं जलमभर ‘ए’ म्हनूनच हाक मारली. माजं नाव आवडाबाई हाय, हे मला रेशनच्या दुकानात गेलं की याद यायचं.” मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली, मग काड्या गोळा करून उठून गेली.

दुसरं म्हणजे पप्पा हल्ली आंघोळीला फार वेळ लावतात. नळ पुरा सोडतात आणि आत काहीतरी पुटपुटत बसतात. मी म्हटलं, स्तोत्र म्हणत असतील. आज्जी म्हणाली, “आजवर कदी म्हनला नाय, आता कशाचं स्तोत्र?” आणि तोंडाला पदर लावला. मायलेकांचं काय चाललंय देव जाणे.

पदवीदानानंतर मैदानावर प्रीतिभोजन असतं. प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा. आज्जीनं येसरच्या आमटीचं पातेलं आत्ताच घासून ठेवलंय. साडी मोरपंखीच नेसते, तू सांगितलंस ते बरोबर आहे.

तुझी,
मम्मी


२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

माझ्या लाडक्या श्रेया,

रूपानं तुला व्हिडिओ पाठवलाय म्हणाली, पण त्यात पुढच्यांची डोकीच दिसतात आणि हात हलतोय तिचा. म्हणून सगळं लिहिते.

सकाळी पप्पा म्हणाले, “दुकान गडी उघडल. मी सोडतो तुमाला.” बघते तर लग्नातला कोट अंगात. बटण लागत नव्हतं, म्हणून उघडाच ठेवला होता. माझा काळा गाऊन बघून आज्जी म्हणाली, “सनासुदीला काळं घालती व्हय?” आणि त्याच्या कॉलरला आतून हळदीकुंकवाचं बोट लावलं. गाऊन परत द्यायचाय, आता डाग कसा काढायचा ते नंतर बघू.

सभागृह खच्चून भरलं होतं. प्रार्थना झाली, पोरींनी पेटी-ढोलकीवर भजन म्हटलं, पाहुण्यांचं भाषण झालं आणि हाका सुरू झाल्या. सुवर्णपदकवाला इंद्रजीत आमच्या वर्गातला, एरवी कुणाशी बोलत नाही. त्याचे वडील धोतर सावरत माईकपाशी गेले आणि ओरडले, “ए पिंट्या!” सगळं सभागृह हसत सुटलं. पिंट्या लाजत लाजत पदक घ्यायला गेला. रूपाची आई “रूपे” एवढंच म्हणाली आणि रडायलाच लागली. रूपा मंचाकडं जायचं सोडून आधी आईकडं धावली.

मग माझी पाळी. करुणा मॅडम माईककडं निघाल्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तुझे पप्पा उठले. उठले म्हणजे, आज्जीनं पाठीत गुद्दा घातला होता, हे नंतर कळलं. ते पायऱ्या चढले. मॅडम बाजूला झाल्या. पप्पांनी ठिबकचा पाइप धरावा तसा माईक दोन्ही हातांनी धरला, घसा साफ केला, समोर बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले,

“आगं ए… ऐकलं का?”

श्रेया, काय सांगू तुला. सभागृहातल्या निम्म्या बायकांनी माना वळवल्या! पहिल्या रांगेतल्या एक बाई तर “आले, आले” म्हणत उभ्याच राहिल्या. पाळकसाहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. पप्पा कानापर्यंत लाल झाले. मला वाटलं, आता हे खाली उतरणार. मला तरीही आनंद झाला होता, आले तेच पुष्कळ असं मी मनाला सांगत होते.

तोच मागून आज्जीचा आवाज आला, माईकची गरजच नाही तिला. “आरं नाव घे! माज्याम्होरं घे. मी हाय म्हून लाजू नको, मी आयकायलाच आले!”

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी कुठं बसलेय हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

“मंजुषा,” ते म्हणाले.

मी बसूनच राहिले. रूपानं कोपरानं ढोसलं, “काकू, तुम्हीच ना?” पप्पांनी पुन्हा हाक मारली, या वेळी शेताच्या बांधावरून मारतात तशी, “मंजुषा!” तरी मी जागेवरच. मग काकुळतीला येऊन म्हणाले, “मंजुषा, ये की आता. लोकं खोळंबल्यात.”

मग उठले. चालत कशी गेले ते आठवत नाही. टाळ्या मात्र ऐकू येत होत्या. पदवी घेऊन त्यांच्याशेजारी उभी राहिले तर हळूच म्हणाले, “न्हानीत बराबर येत हुतं. हितं आलो आन् तोंडात आगंच आलं.” तेव्हा कुठं मला त्या नळाचा उलगडा झाला. मी मंचावरच इतकी हसले की फोटोत माझे डोळे मिटलेत.

प्रीतिभोजनाला कडुलिंबाखाली लांबलचक पंगत बसली. कुणाची बिर्याणी, कुणाचा केक, कुणाच्या पुरणपोळ्या. आज्जीची येसरची आमटी सगळ्यात आधी संपली. पप्पा आग्रह करकरून वाढत होते आणि येईल त्याला सांगत होते, “मंजुषाचा फस्क्लास हाय.” माझ्यासमोर नाही, मी लांब गेले की. रूपा भाकरीची टोपली घेऊन फिरत होती. पंगतीच्या त्या टोकावरून ती ओरडली, “आवडाबाई आज्जी, अजून भाकरी?” आज्जी घास हातात तसाच धरून थांबली. म्हणाली, “आजून येकदा म्हन गं पोरी.” रूपाला वाटलं, ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं. आज्जीनं भाकरी काही घेतली नाही.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगते. सगळ्यांना वाटतंय, मी गोंधळले म्हणून उठले नाही. पप्पांनाही तसंच वाटतंय. “घाबरली हुती बिचारी,” असं ते कॉलनीत सांगतायत. सांगू देत. मला पहिलीच हाक स्वच्छ ऐकू आली होती. मुद्दाम बसून राहिले. उठले असते तर ते थांबले असते ना.

आज सकाळपासून घरात पुन्हा ‘आगं’ सुरू झालंय. हे लिहितेय तर मघाशी स्वयंपाकघरातून आवाज आला, “आगं, साखर कुठं हाय?” मी उत्तर दिलं नाही. मग दोन डबे उघडल्या-मिटल्याचा आवाज आला, मग काही नाही. आणि आत्ता, अगदी हळू, शेजारच्या खोलीत आज्जीला ऐकू जाऊ नये इतक्या बेतानं, माझं नाव आलं.

साखर त्यांच्या नाकासमोर आहे. मी अजून उठलेले नाही. आणखी एकदा येऊ दे.

तुझी मम्मी,
मंजुषा