मला विचारलंच नाही

६ मार्च १९६६, रविवार
आज आमच्या विचारमंडळात माझं व्याख्यान. विषय : विवेक आणि मूल्ये. श्रोते सात, त्यातले दोघे चहापुरते. मी ठणकावून सांगितलं की, माणसानं कोणताही निर्णय घेण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. हे खरं आहे का? आणि याची किंमत दुसरा कोणी मोजणार आहे का? पोस्टमास्तर म्हणाले, फार मूलगामी बोललात. माझी बायको विजया आली नाही. तांदूळ निवडायचे होते म्हणे.
संकल्प : आजपासून प्रत्येक निर्णय या दोन प्रश्नांतून गाळून घ्यायचा. दगडखाणीवरचा साधा सुपरवायझर असलो म्हणून काय झालं?

९ मार्च
उद्या इंजिनियरसाहेब खाणीवर जेवायला थांबणार. पापलेट त्यांचा वीक पॉइंट. बोईसरच्या बाजारात मिळतं ते शिळं. किनाऱ्यावरच्या नवापूरहून ताजं आणवायला हवं. नुसती डाळ वाढणं बरं दिसत नाही.

१० मार्च, सकाळ
जिवल्याला माझी सायकल देऊन नवापूरला पाठवलं. सुरुंग उडवताना खालच्या पायवाटेवर लाल बावटा घेऊन उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. जाताना म्हणाला, "भाऊ, आज सुरुंग हाय ना? बावटा कोन धरील?" म्हटलं, मी बघतो. दोन प्रश्न विचारायचे राहिले, पण पापलेटासारख्या बाबतीत त्यांची गरज नसावी.

१० मार्च, संध्याकाळ
वाईट झालं. साहेब आले, त्यांच्याशी बोलण्यात मी गुंतलो. मारुती मुकादमानं वरून हाक मारली, "उडवू का?" मी हात वर केला. जमुना पाण्याचा हंडा घेऊन पायवाटेनं वर येत होती. खाणीत पाट्या वाहणारी बाई. भलामोठा दगड तिच्या पायावर आला. ती ओरडली नाही, हंडा कुठं गेला ते विचारत राहिली. ट्रकमधून पालघरच्या दवाखान्यात नेलं.
तेवढ्यात जिवल्या पापलेट घेऊन आला. साहेब फारसे जेवले नाहीत. एकच तुकडी.

११ मार्च
जमुनाचा पाय गुडघ्याखाली कापला.
रात्रभर विचार केला. पक्का निर्णय : जे घडलं ते जसंच्या तसं सांगायचं. नोकरी गेली तरी बेहत्तर. विजयाला सांगितलं. तिनं विचारलं, कधी सांगणार? म्हटलं, चौकशी होईल तेव्हा. म्हणाली, साहेब तर आजही खाणीवरच आहेत ना? तिला समजावलं की सत्यालाही योग्य व्यासपीठ लागतं. ती भाकऱ्या थापायला गेली.

१४ मार्च
साहेबांनी बोलावलं. स्वतः चहा ओतून दिला. म्हणाले, बावटेवाला जागेवर नव्हता, एवढीच ही केस आहे. तो कुठं होता, हे त्यांनी विचारलं नाही. पापलेट त्यांनीच खाल्लं होतं. मग पक्क्या क्वार्टर्सचा विषय काढला, एक रिकामी होते आहे. मी ताठ मानेनं म्हटलं, मी स्वतंत्रपणे विचार करणारा माणूस आहे. साहेब म्हणाले, "अवश्य करा."
माझा ठामपणा त्यांना आवडलेला दिसला.

१५ मार्च
विवेक म्हणजे स्वतःच्या आठवणीवरही शंका घेणं. मी जिवल्याला "जा" असं म्हटलं होतं का? माझ्या आठवणीप्रमाणे मी म्हणालो, नवापूरला जाऊन येतोस का? हा प्रश्न आहे, हुकूम नव्हे. तो नाही म्हणू शकला असता. त्याला नाही म्हणण्याचा हक्क आहे, हे मी तरी नाकारणार नाही. आदिवासी म्हणून त्याला कमी लेखणाऱ्यांतला मी नाही.
शिवाय हात वर केला तो मारुतीला थांबवायलाही असू शकेल. हाताचा अर्थ बघणाऱ्यावर अवलंबून असतो.

१७ मार्च
पालघरला जाऊन आलो. जमुनाचा नवरा नवशा दवाखान्याच्या पडवीत बसला होता. पावसाळ्यात आमची खाण बंद झाली की ही दोघं डोंगरातल्या आपल्या तुकड्यावर नाचणीची आवणी, म्हणजे रोपांची लावणी करतात. मी त्याला संत्री दिली. तो म्हणाला, "आवनीला ती चिखलात कशी उबी ऱ्हाईल?" मी त्याला धीराविषयी चार शब्द सांगितले. त्यानं ऐकून घेतलं. आत जाणार होतो, पण रोग्याला उगाच त्रास कशाला?
परतताना स्टेशनबाहेर जिवल्या भेटला, तोही जमुनाला बघूनच येत होता. म्हणाला, "भाऊ, तुमी सांगाल ना, तुमी धाडला होता मना?" मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. म्हटलं, सांगेन, शब्द देतो. अशा क्षणी माणूस किती मोठा असू शकतो!

२२ मार्च
चौकशी झाली. मी एक अक्षरही खोटं बोललो नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.
मुंबईच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, बावटेवाला जागेवर होता का? म्हटलं, नाही. रजा घेतली होती का? नाही. सुरुंगाआधीची इशाऱ्याची शिट्टी तुम्ही ऐकली का? माझं लक्ष साहेबांकडे होतं. तेही खरंच. तो कुठं गेला होता, एवढंच त्यांनी विचारलं नाही. मी वाट पाहिली. दोनदा खाकरलो. अधिकारी म्हणाले, पाणी हवंय का? मी पाणी प्यालो. विचारल्याशिवाय बोलणं शिस्तीत बसत नाही. जिवल्या दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, त्यामुळे जरा सोपं गेलं.
बाहेर आल्यावर साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "पहिल्या दिवसापासून तुमच्यावर भरवसा होता."
घरी सगळं सविस्तर सांगितलं. विजया म्हणाली, "त्यांनी विचारलं नाही, की तुम्ही सांगितलं नाही?" बायकांना सूक्ष्म फरक कळत नाहीत.

२९ मार्च
निकाल. जिवल्या गैरहजर होता, सबब कामावरून कमी. दोष त्याचा, म्हणून जमुनाच्या भरपाईबाबत खाणीच्या ठेकेदारानं हात झटकले. मला हे मुळीच मान्य नाही. साहेबांना स्पष्ट सांगायचं ठरवलं. ते मुंबईला गेलेत.

२ एप्रिल
साहेब आले. क्वार्टरची किल्ली मिळाली. आजच लगेच तो विषय काढणं कृतघ्नपणाचं झालं असतं.
विजया सामान बांधत नाही. म्हणते, मला इथंच बरं वाटतं. रोज सकाळी डबा घेऊन पालघरला जाते. कोणासाठी, ते मी विचारत नाही. तीही सांगत नाही.

१० एप्रिल
बोईसरला एसटीच्या थांब्यावर जिवल्या दिसला. बोचकं, बायको, सगळं बरोबर. मनोरला उतरून पुढं वीटभट्टीवर जाणार. मला तोंड चुकवता आलं असतं. चुकवलं नाही, याची नोंद व्हावी. मी त्याला नीट समजावू लागलो. चौकशीची पद्धत काय असते, न विचारलेल्या गोष्टींचं काय होतं, माझ्या मनाची किती ओढाताण झाली.
तो ऐकत होता. रागावलेला नव्हता. म्हणाला, "जाऊ द्या भाऊ. मी तवाच बायकोला बोललू, हा काय सांगनार नाय."
मी म्हटलं, मग त्या दिवशी मला विचारलंस कशाला?
"जमुना बोलली, इचारून तं बग. मानूस हाय तो पन."
गाडी आली. त्यानं आधी बायकोला चढवलं, मग बोचकं आत दिलं. मला अजून बरंच सांगायचं होतं. कंडक्टरनं मला विचारलं, तुम्हाला यायचंय का? नसेल तर दारातून बाजूला व्हा.